साताऱ्याचं बोर्डिंग आणि वाडीचा कारखाना

आमच्या आयटीवाल्यांच्या जगात 'डायव्हर्सिटी' हा शब्द वर्षातून एकदा उगवतो. तास-दीड तासाचं ऑनलाइन ट्रेनिंग, शेवटी दहा प्रश्न, पास झालात की सर्टिफिकेट. ते क्लिक करून संपवताना मला दर वेळी वाटतं, की ह्या विषयावरचं खरं काम आपल्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. आणि तेही अशा काळात, जेव्हा चार जातींची माणसं एका पंगतीला बसवायची म्हणजे अख्ख्या गावाशी वैर घ्यायचं. आजचा लेख त्यावर. जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा :)

आधी थोडा भूगोल, नाहीतर गोंधळ होईल. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा काढून 'दक्षिण सातारा' जिल्हा केला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. शिवाय मधेमधे संस्थानांचे तुकडे विखुरलेले. उदाहरणार्थ कुंडल हे औंध संस्थानात. ह्याच कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला. बेळगावात नगरपालिकेनं त्यांना जागा सोडायला लावली होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंग आणि साप! त्यातून किर्लोस्करवाडी उभी राहिली.

लक्ष्मणरावांची टीम बघण्यासारखी होती. स्वतः ते जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेलेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळलेले. बरोबर भाऊ रामूअण्णा. शाळा सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक इंजिनिअर झाले. आणि रात्रीच्या पहाऱ्याला कोण? तर दरोडे, खून अशा गुन्ह्यांची शिक्षा भोगून आलेली माणसं. आज आमच्याकडे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये जुन्या पत्त्याचा पिनकोड चुकला तरी ऑफर अडकते! अस्पृश्यता पाळायची नाही हा वाडीचा नियम होता. (अवांतर: ह्याच औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत सुरू झाली. शांतारामबापूंचा 'दो आंखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचलेला. माणसावर विश्वास टाकून बघायचा नाद त्या मातीतच असावा.)

माल होता लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं लागली म्हणतात. अशा मालाला गावोगाव हिंडून, शेतकऱ्याच्या बांधावर बसून बोलणारा विक्रेता लागतो. पुढे हे नांगर विकत फिरणाऱ्यांत एक उंच, धिप्पाड माणूस होता. तो म्हणजे भाऊराव पाटील. होय, तेच, 'रयत'वाले कर्मवीर. इथं ह्या दोन गोष्टींचा सांधा आहे.

भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. घर जैन. शिकायला कोल्हापूरला, राहायला जैन बोर्डिंगमध्ये. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तेव्हा बोर्डिंगांची चळवळच उभी राहिली होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत या असं सांगितलं तर ऐकेनात, आणि बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं, असं सांगतात.

मला ही अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा वाटते. कारण शाहू महाराजांची योजना चुकीची नव्हती. उलट फार व्यवहारी होती. आपल्या जातीचं बोर्डिंग म्हटलं की त्या समाजातले पैसेवाले पैसे देतात, आणि आईबाप निर्धास्तपणे पोरं धाडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक मॉड्यूल वेगळं ठेवा, म्हणजे लवकर रिलीज होतं. पण मॉड्यूल वेगळी ठेवली की ती एकमेकांशी बोलत नाहीत, हा त्यातला बग. तो भाऊरावांनी स्वतः अनुभवला, तोही दाराबाहेर उभं राहून.

त्यांनी उलटं केलं. १९१० मध्येच (वाडीचं नि ह्याचं साल एकच, निव्वळ योगायोग) दुधगावला सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र विद्यार्थी आश्रम काढला. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. संस्थेच्या उद्दिष्टांत मागासलेल्यांचं शिक्षण तर होतंच, पण वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव निर्माण करणं हेही स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं होतं. म्हणजे एकत्र राहणं हा शिक्षणाचा एक भागच होता, सोयीपुरतं काढलेलं साधन नव्हे. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग निघालं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी येऊन गेले आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव झालं. नावाकडे बघा. ज्यांच्या योजनेच्या उलट केलं, त्यांचंच नाव. मला ह्यात भाऊरावांचा मोठेपणा दिसतो. त्यांना शाहूंच्या योजनेची अडचण माहीत होती आणि शाहूंचे उपकारही.

आता मुद्द्याची गोष्ट. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी पोरं एका छपराखाली आणली. ती एकत्र कशी राहिली? व्याख्यानं देऊन माणसं बदलत असती तर आमचं ते ट्रेनिंगही उपयोगी पडलं असतं. बोर्डिंगात पोरं आपला स्वयंपाक आपण करायची. दळण, पाणी, झाडलोट, शेतातलं काम सगळं पाळीनं. ज्याच्या घरी दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याला त्याच दुसऱ्यानं थापलेली भाकरी खावी लागे, कारण दुसरी भाकरीच नव्हती! भूक लागलेल्या चौदा वर्षांच्या पोराला सोवळं किती दिवस आठवणार? आणि उद्या पाळी आपली, मग भाकरी करपली म्हणून आज फार बोंबलायचीही सोय नाही.

स्वावलंबन ही भाऊरावांच्या दृष्टीनं तत्त्वाची गोष्ट होती आणि अर्थातच गरजेचीही, पैसे होते कुठे? पण माझ्या मते त्याचा खरा फायदा तिसराच झाला. काम करून शिकणारा पोरगा कुणाच्या दयेवर नसतो. मिंधेपणा नाही म्हटल्यावर वरच्या जातीचं पोरगं 'आम्ही ह्यांना घेतलंय' असं म्हणू शकत नाही आणि खालच्या जातीचं मान खाली घालत नाही. सगळ्यांच्याच हाताला घट्टे. 'इन्क्लूजन'च्या स्लाइडमध्ये ही गोष्ट कधी येत नाही. तिथं कायम कुणीतरी आत घेणारा असतो आणि कुणीतरी घेतला जाणारा.

पुढे ह्याच कल्पनेवर १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. 'कमवा आणि शिका' हे शब्द आज आपण सहज वापरतो, ते तिथून आलेले. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

पण एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. ह्या सगळ्याचा खर्च कुणी उचलला? लक्ष्मीबाईंनी. भाऊरावांच्या पत्नी. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरातून आलेली बाई, तिच्या अंगणात नवऱ्यानं गावोगावची पोरं आणून ठेवली. तिनं आधी स्वतःचे संस्कार बाजूला ठेवले, मग दागिने एकेक करून विकले, आणि शेवटी पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊराव पुढे एकोणतीस वर्षं जगले, १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पोरांना निदान संध्याकाळी अभ्यासाला वेळ होता आणि पुढे शिक्षण पदरात पडलं. बाईंच्या पदरात काय पडलं? त्यांना कुणी विचारलं होतं का? 'त्याग' हा शब्द आपल्याकडे फार लवकर वापरला जातो, आणि तो वापरला की हिशोब मिटतो.

किर्लोस्करवाडीचा हिशोब वेगळा. तिथं ध्येय म्हणजे नांगर, पंप, माल बाहेर पडला पाहिजे. माणसं निवडली, वाढवली, त्यांना घरं दिली, सगळं खरं. पण शेवटी वाडी मालकाची. नियम चांगले होते कारण मालक चांगला होता. कामगारानं आपल्या मनानं ते बदलायचे म्हटले तर? बोर्डिंगात तरी पाळी सगळ्यांवर येई. तरीही वाडीनं एक गोष्ट अशी केली जी बोर्डिंगला जमली नाही. १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' नावाचं कारखान्याचं पत्रक निघालं. म्हणजे आपलं कंपनी न्यूजलेटर हो! शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं मासिक केलं आणि पुढे तिथूनच 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाली. माळावरच्या कारखान्यातून निघालेलं पत्रक मराठी मध्यमवर्गानं घराघरात वाचलं. आमच्या कंपनीचं न्यूजलेटर मी सरळ आर्काइव्ह करतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि भाऊराव? नांगर विकता विकता त्यांनी धनजीशा कूपर यांना साताऱ्यातच नांगराचा कारखाना काढायला लावला. हे कूपर पारशी, पुढे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. दोघांचं काही काळ जमलं, मग बिनसलं. जैन शेतकऱ्याचा मुलगा, पारशी भांडवलदार आणि सातारचे लोहार अशी टीम टिकली असती तर मजा आली असती. पण कारखान्याचा पैसा शाळेला किती मिळावा, ह्यावर दोघांचं ध्येय एक नव्हतं. नफ्याकडे बघणारा एक आणि बोर्डिंगातल्या उद्याच्या पिठाकडे बघणारा दुसरा. भाऊराव बाहेर पडले आणि पुन्हा गावोगाव फिरायला लागले. ह्या वेळी नांगर विकायला नाही, तर धान्य आणि पोरं गोळा करायला.

पुण्याहून रेल्वेनं कोल्हापूरला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. पूर्वी त्याचं नाव कुंडल रोड होतं. गाडी फार वेळ थांबत नाही, पण झोपला नसाल तर खिडकीतून एकदा बघा.