कांद्याची चाळ आणि बटाट्याची चाळ

विनोदी लेखकानं आत्मचरित्र लिहू नये, असं माझं फार दिवसांचं मत आहे. खरं लिहिलं तर लोक हसतात आणि विनोद केला तर ‘हे खरंच घडलं का हो?’ म्हणून विचारतात. त्यातून तो रेडिओवाला असला की संपलंच! आयुष्यभराचं काम हवेत गेलेलं. पुरावा मागायचा कोणाकडे?

म्हणूनच की काय, पु. ल. देशपांडे यांनी सलग आत्मचरित्र लिहिलंच नाही. त्या घरातलं आत्मचरित्र लिहिलं सुनीताबाईंनी. १९९० सालच्या ‘आहे मनोहर तरी’त त्यांनी नवऱ्याला फारशी सवलतही दिली नाही. पुलंनी आपलं आयुष्य सुटं करून वाटून टाकलं. विलायतेचा प्रवास ‘अपूर्वाई’त गेला, माणसं ‘व्यक्ती आणि वल्ली’त. १९५५ साली ते आकाशवाणीत गेले. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं, त्या पहिल्या मंडळींतही ते होते. पण ते चित्र दिल्लीच्या आसपासच दिसे. मुंबईला दूरदर्शन यायला १९७२ साल उजाडलं. मग आमच्या सुरगाण्याची काय कथा!

सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं गुजरातला टेकलेलं टोक. १९४८ पर्यंत संस्थान. संस्थान गेलं, पाऊस मात्र संस्थानी थाटातच पडत राहिला. गावात पुस्तकाचं दुकान नव्हतं, पण वडिलांकडे बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर होता. वीज चमकली की त्यात अशी खरखर होई, की टाळ्या कुठल्या आणि आभाळ कुठलं ते कळू नये.

एका संध्याकाळी निवेदकानं ‘बटाट्याची चाळ’चे लेखक म्हणून पुलंचं नाव घेतलं. ओसरीवर एक म्हातारे बाबा बसले होते. ते कळवणकडे मजुरीला जात. म्हणाले, “कांद्याची चाळ पाह्यली. बटाट्याची कुठं असती?”

वडिलांनी त्यांना गिरगाव, दोन खोल्यांची बिऱ्हाडं, नळावरची भांडणं, सगळं समजावून सांगितलं. बाबांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, “म्हंजे तिथं माणसं कांद्यावानी भरून ठेवत्यात!”

‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपानं १९५८ साली आली. तिच्यावर मी पुष्कळ वाचलं, पण इतकी नेमकी समीक्षा वाचल्याचं आठवत नाही. बाबांना अक्षरओळख नव्हती. छापील चाळ त्यांच्या दारी कधीच आली नसती. हवेतून आली. आकाशवाणीतली नोकरी म्हणजे लेखकाचा फुकट गेलेला काळ, असं म्हणणारे विद्वान मला अधूनमधून भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. हवा सुरगाण्यालाही जाते, एवढंच सांगतो.