मराठी मजकूर आणि डेटाबेसची जोडणी : पीएचपीसाठी लायब्ररी निवडताना

नागपूर-भंडारा महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी मौदा हे तालुक्याचे गाव आहे. युनिकोडच्या हिशेबात या नावात चार चिन्हे आहेत : म, औकाराची खूण, द आणि काना. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट व्यापते. म्हणजे ‘मौदा’ साठविण्यास बारा बाइट लागतात. तालुक्यातील गावांची यादी किंवा एखाद्या पतसंस्थेच्या सभासदांची नोंदवही संकेतस्थळावर चढविली आणि ‘मौदा’च्या जागी चार प्रश्नचिन्हे उमटली, तर दोष सहसा फाँटला दिला जातो. बहुतेक वेळा तो फाँटचा नसतो. संकेतस्थळ चालविणारा प्रोग्राम आणि माहिती साठविणारा डेटाबेस या दोहोंमधील जोडणी सदोष असते.

ही जोडणी सांभाळणाऱ्या तयार आज्ञासंचाला लायब्ररी म्हणतात. प्रोग्रामचा प्रश्न डेटाबेसपर्यंत नेणे, उत्तर परत आणणे, आणि दोघे कोणत्या लिपिसंकेतात बोलत आहेत हे ठरविणे, ही तिची कामे. पर्ल भाषेत टिम बन्स यांच्या ‘डीबीआय’मुळे १९९०च्या दशकातच सर्व डेटाबेससाठी एकच रीत रूढ झाली. पायथनमध्ये १९९९ सालच्या ‘पेप २४९’ या मसुद्याने तेच केले. पीएचपीचा प्रवास मात्र वेगळा झाला. तेथे प्रत्येक डेटाबेससाठी निराळा आज्ञासंच होता. त्यामुळे डेटाबेस बदलला की प्रोग्रामही नव्याने लिहावा लागे. निवडीचा प्रश्न पीएचपीत अधिक जाणवतो तो यामुळे.

या भाषेत मायएसक्यूएलसाठी तीन लायब्ऱ्या येऊन गेल्या. मूळची ‘मायएसक्यूएल’ लायब्ररी स्वस्त होस्टिंगवरील असंख्य संकेतस्थळांचा आधार होती. २०१३ साली पीएचपी ५.५मध्ये ती कालबाह्य ठरविण्यात आली आणि २०१५च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७मधून काढून टाकण्यात आली. तिची सुधारित बहीण ‘मायएसक्यूएलआय’ २००४ साली पीएचपी ५बरोबर आली. अनेक डेटाबेसांना एकाच रीतीने जोडणारी ‘पीडीओ’ २००५ साली पीएचपी ५.१मध्ये समाविष्ट झाली. जुनी लायब्ररी आज निवडीत नाहीच. खरा प्रश्न उरलेल्या दोहोंचा आहे.

तरीही जुन्या लायब्ररीचा उल्लेख टाळता येत नाही, कारण तिच्या काळात साठविलेला मजकूर अजून डेटाबेसांत पडून आहे. २०१८ साली मायएसक्यूएल ८ येईपर्यंत त्या डेटाबेसचा मूळ लिपिसंकेत ‘लॅटिन१’ हा होता, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा. मराठी पान यूटीएफ-८मध्ये, तक्ता यूटीएफ-८चा, पण मधली जोडणी लॅटिन१ची, अशी स्थिती सर्रास असे. मग ‘मौदा’चे बारा बाइट ही बारा स्वतंत्र युरोपीय अक्षरे समजली जात आणि त्यातील प्रत्येक पुन्हा यूटीएफ-८मध्ये रूपांतरित होऊन साठविले जाई. गंमत अशी, की त्याच सदोष जोडणीतून मजकूर परत आला की रूपांतर उलटे होई आणि पानावर ‘मौदा’ अगदी स्वच्छ दिसे. वर्षानुवर्षे कोणालाच संशय येत नसे. पुढे लायब्ररी बदलली, जोडणी योग्य लिपिसंकेतात झाली आणि सारे संकेतस्थळ एका रात्रीत अगम्य युरोपीय अक्षरांनी भरून गेले, की ठपका नव्या लायब्ररीवर येतो. वस्तुतः ती प्रथमच खरे दाखवीत असते.

म्हणून मराठी संकेतस्थळासाठी पहिली कसोटी हीच : जोडणी करतानाच लिपिसंकेत सांगण्याची सोय लायब्ररीत आहे काय? दोन्ही लायब्ऱ्यांत ती आहे. मायएसक्यूएलआयमध्ये त्यासाठी स्वतंत्र आज्ञा असून पीडीओमध्ये तो जोडणीच्या ओळीतच लिहावयाचा असतो. पीएचपी ५.३.६च्या आधी पीडीओ ही सूचना निमूटपणे दुर्लक्षित करीत असे. त्या काळची जुनी उदाहरणे उचलताना हे ध्यानात ठेवावे. ‘सेट नेम्स’ हा आदेश प्रश्नाच्या रूपाने पाठवून काम भागविण्याची जुनी सवयही सोडावी. डेटाबेसला बदल कळतो, लायब्ररीला कळत नाही.

लिपिसंकेत निवडतानाही एक खाचखळगा आहे. मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसते ‘यूटीएफ८’ म्हटले गेले, ते चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट देते. देवनागरी त्यात मावते, पण मोडी मावत नाही. मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७मध्ये समाविष्ट झाली आणि तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मोडी कागदपत्रांची सूची करणाऱ्याने, तसेच वाचकांना इमोजी वापरू देणाऱ्यानेही, ‘यूटीएफ८एमबी४’ हाच संकेत घ्यावा.

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या डिसोझांनी रोमन लिपीत आपले आडनाव लिहिले, की त्यातील अवतरणचिन्हापाशी डेटाबेसचे वाक्य संपते आणि पुढचा भाग आज्ञा म्हणून वाचला जातो. प्रामाणिक माणसाच्या बाबतीत त्यातून केवळ चूक उद्भवते. लबाड माणूस त्याच फटीतून स्वतःची आज्ञा घुसवितो. यावरचा उपाय म्हणजे प्रश्नाचा साचा आणि त्यात भरावयाची मूल्ये वेगवेगळी पाठविणे. जुन्या लायब्ररीत ही सोय नव्हती. उरलेल्या दोहोंत आहे.

मात्र सोय असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे ‘ड्रुपल’ या प्रणालीने दाखवून दिले. ‘मनोगत’, ‘मिसळपाव’ यांसारखी परिचित मराठी संकेतस्थळे ड्रुपलवर उभी राहिली. २०११ साली आलेल्या ड्रुपल ७ने आपला डेटाबेसचा थर पीडीओवर नव्याने बांधला. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी याच थरातील गंभीर त्रुटी जाहीर झाली. मूल्ये साच्यात बसविणाऱ्या ड्रुपलच्याच आज्ञेत, बाहेरून आलेल्या यादीतील नावे न तपासता प्रश्नात मिसळली जात होती. त्यातच पीडीओ मायएसक्यूएलसाठी मुळात ‘आभासी’ साचा वापरते, म्हणजे मूल्ये स्वतःच वाक्यात भरून एकसंध मजकूर पाठविते. त्यामुळे एका प्रश्नामागे दुसरा प्रश्न चिकटविणेही हल्लेखोरांना शक्य झाले. घोषणेनंतर सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले प्रत्येक संकेतस्थळ हल्ल्याला बळी पडले आहे असे समजावे, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा गटाने पुढे दिला. पीडीओ घेणाऱ्याने आभासी साचा बंद करावा, हा सल्ला यामुळेच दिला जातो.

तिसरी बाब चुका सांगण्याची. पीडीओ पूर्वी चूक झाली तरी गप्प बसे. २०२०च्या पीएचपी ८पासून ती स्वतःहून प्रोग्राम थांबवून चूक कळविते. मायएसक्यूएलआयने ही रीत २०२१च्या पीएचपी ८.१पासून स्वीकारली. त्याआधीच्या आवृत्तीवर ही सोय हाताने सुरू करावी लागते.

मग निवड कोणाची? नव्याने प्रारंभ करणाऱ्यास पीडीओ अधिक सोयीची. साचा लिहिण्याची तिची रीत सुटसुटीत आहे आणि उद्या पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइटकडे वळल्यास जोडणीचा भाग फारसा बदलत नाही. प्रश्नांची भाषा मात्र डेटाबेसागणिक थोडी बदलतेच. तो भार कोणतीही लायब्ररी उचलत नाही. केवळ मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीच वापरावयाचे असेल आणि जुना प्रोग्राम सांभाळावयाचा असेल, तर मायएसक्यूएलआयकडे जाणे कमी कष्टाचे. वर्डप्रेसनेही २०१४ साली आवृत्ती ३.९मध्ये हीच वाट धरली.

लायब्ररी बदलण्यापूर्वी डेटाबेसची संपूर्ण प्रत काढून ठेवावी आणि एखाद्या माहितीतल्या नावावर चाचणी करावी. ‘मौदा’ची नोंद किती चिन्हांची व किती बाइटची आहे, हे डेटाबेसलाच विचारावे. चार चिन्हे, बारा बाइट असे उत्तर आल्यास मजकूर निर्दोष आहे. बारा चिन्हे, चोवीस बाइट आल्यास दुहेरी रूपांतर झाले आहे. ते उलटे फिरवून मूळ मजकूर मिळतो. बारा चिन्हे, बाराच बाइट आल्यास तक्ता लॅटिन१चा असून आतले बाइट शाबूत आहेत. रकाना आधी द्विमान प्रकारचा आणि मग यूटीएफ८एमबी४चा करावा. चार चिन्हे आणि चारच बाइट आले, तर तेथे प्रत्यक्ष प्रश्नचिन्हेच साठविली गेली आहेत. ते नाव आता केवळ जुन्या प्रतीतून किंवा कागदी नोंदवहीतूनच परत आणता येईल.