बार्नॅकलचे कुळ : एका समुद्री कोड्याचा इतिहास

दुसऱ्या सजीवाच्या अंगावर वस्ती करणाऱ्या, परंतु सहसा त्याच्या शरीरातून अन्न न घेणाऱ्या सजीवांना पृष्ठजीवी म्हणतात. देवमाशांची त्वचा, कासवांची पाठ, शिंपल्यांची कवचे आणि तरंगते ओंडके यांना चिकटून वाढणारे, चुनखडीच्या कवचातले बार्नॅकल हे समुद्रातील पृष्ठजीवींचे ठळक उदाहरण होय. या प्राण्याचे कुळ निश्चित करण्यास युरोपातील अभ्यासकांना सहा शतकांहून अधिक काळ लागला.

इ. स. ११८८ च्या सुमारास जेराल्ड ऑफ वेल्स याने आयर्लंडच्या वर्णनात असे नोंदवले की, समुद्रातील लाकडांना लटकणाऱ्या अशा कवचांतून एका जातीचे हंस जन्माला येतात आणि ते मांसापासून जन्मलेले नसल्यामुळे काही धर्मगुरू उपवासाच्या दिवसांतही ते खातात. हे हंस दूर उत्तरेत, आर्क्टिक प्रदेशात अंडी घालत असल्याने त्यांची घरटी कोणाच्या दृष्टीस पडत नव्हती, आणि कवचाबाहेर डोकावणारे बार्नॅकलचे केसाळ पाय पिसांसारखे दिसत. या दोन्ही गोष्टींमुळे ही समजूत टिकून राहिली. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने अशी कवचे मागवून तपासली, त्यांत पक्ष्याचा मागमूसही नसल्याचे लिहिले आणि घरटी दूरदेशी असावीत असा योग्य तर्क केला. तरीही १५९७ मध्ये जॉन जेरार्डच्या वनस्पतिग्रंथात ‘हंसवृक्षा’ला स्थान मिळालेच.

पुढे हंसाची कथा मागे पडली, पण कवचामुळे कुव्हिएसारख्या श्रेष्ठ प्राणिशास्त्रज्ञानेही बार्नॅकलला शिंपल्या-गोगलगायींच्या, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या, वर्गात ठेवले. १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन याने बार्नॅकलची मुक्तपणे पोहणारी पिल्ले स्थिरावून प्रौढ रूप घेताना पाहिली, आणि पिल्लांच्या रचनेवरून हा प्राणी कोळंबी-खेकड्यांच्या, म्हणजे कवचधारी संधिपादांच्या, कुळातला असल्याचे सिद्ध झाले. पिल्लू योग्य जागा सापडताच डोक्याकडील स्पर्शिकांतून चिकट द्रव्य सोडून कायमचे जखडून घेते आणि उरलेले आयुष्य पायांनी पाणी ढवळून अन्नकण गोळा करण्यात घालवते.

चार्ल्स डार्विनला १८३५ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर, एका शंखाच्या कवचात बीळ करून राहणारा चमत्कारिक बार्नॅकल आढळला होता. त्याचा उलगडा करण्यासाठी १८४६ मध्ये सुरू केलेले काम संपूर्ण गटापर्यंत वाढत जाऊन आठ वर्षे चालले. या अभ्यासात देवमाशावरील बार्नॅकलच्या कवचाच्या घड्यांत यजमानाची त्वचाच शिरून पकड घट्ट करते, ही रचनाही त्याने वर्णिली. या संशोधनासाठी १८५३ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचे पदक मिळाले.

देवमाशावरील बार्नॅकलचे कवच आजच्या संशोधकांनाही उपयोगी पडते : ते थराथराने वाढत असल्याने त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वजनांच्या अणूंचे, प्रमाण देवमाशाने ओलांडलेल्या पाण्याची नोंद ठेवते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशाच जीवाश्म कवचांवरून प्लायस्टोसीन काळातील देवमाशांच्या स्थलांतराचा पुरावा मिळाला.