माधानचा डोळस वाचक

अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत १८८१ साली जन्मलेल्या गुलाबरावांची दृष्टी तान्हेपणीच गेली. माधानच्या मोहोड घराण्यातल्या या मुलाने पोथ्या वाचल्या त्या कानांनी. कुणी वाचून दाखवायचे, ते ऐकायचे. पुढे ते सांगायचे आणि शिष्य उतरवून घ्यायचे. अशा रीतीने शंभरावर लहानमोठे ग्रंथ झाले. लोक त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणू लागले.

पोथी त्यांच्यासाठी नुसती अर्थ लावण्याची वस्तू नव्हती, ती जगायची होती.

सहाशे वर्षांचे अंतर ओलांडून त्यांनी स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हटले. भागवतातली गोपी मनात इतकी भिनली, की कृष्णाची पत्नी या भावनेने ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. गावाने नाके मुरडली असतील. पण हा नुसता भावनेचा पूर नव्हता. अद्वैत न सोडता भक्तीची गोडी राखणाऱ्या या विचाराला त्यांनी ‘मधुराद्वैत’ नाव दिले, शास्त्राधारे मांडले. डार्विन, स्पेन्सर यांची मतेही त्यांनी तपासली.

१९१५ साली पुण्यात त्यांनी देह ठेवला, तेव्हा वय होते अवघे ३४.