मोबाईल खाऱ्या पाण्यात पडला? तांदळात ठेवू नका, आधी बंद करा

होडीवर जाळे ओढताना, जेटीवर मासळी उतरवताना, खाडीत तिसऱ्या काढताना किंवा गणपती विसर्जनाला समुद्रात उतरल्यावर मोबाईल पाण्यात जाणे किनारपट्टीच्या गावांना नवीन नाही. बहुतेक जण फोन पुसतात, चालू होतो का बघतात आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात ठेवतात. पावसात भिजलेला फोन कधी कधी नुसता वाळवूनही वाचतो. खाऱ्या पाण्यातला मात्र चालू झाला तरी दोन-चार दिवसांनी बंद पडू शकतो. कारण पाणी वाळतं, मीठ आतच राहतं.

मीठ नेमकं काय करतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. हे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वीज वाहून नेतं. फोन चालू असेल तर आतल्या बोर्डावर नको तिथून वीज फिरते, भाग जळतात, तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात. फोन उघडल्यावर दिसणारा हिरवट थर तो हाच. पाणी सुकल्यावरही हे थांबत नाही. उघडं ठेवलेलं मीठ कोकणच्या दमट हवेत जसं पाझरतं, तसं फोनमधलं मीठही ओल धरतं आणि गंज पुढे वाढत जातो.

लगेच काय करायचं?

१. फोन ताबडतोब बंद करा. चालतो का हे बघायला पुन्हा चालू करू नका. चार्जिंगला तर अजिबात लावू नका.

२. कव्हर, सिम आणि मेमरी कार्ड काढा. साध्या फोनची बॅटरी निघत असेल तर तीही काढून वेगळी ठेवा.

३. बंद फोन एक-दोन मिनिटं स्वच्छ गोड्या पाण्यात धरून खळबळवा. भिजलेल्याला आणखी भिजवायचं, हे विचित्र वाटेल. पण मीठ वाळून घट्ट बसण्याआधी ते पाण्यानेच निघतं. सिमही धुऊन, पुसून कोरडं करा.

४. फोन झटकून, पुसून शक्यतो त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. 'खाऱ्या पाण्यात पडलाय' हे स्पष्ट सांगा. फोन उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावा लागतो. नुसती गरम हवा मारून भागत नाही.

काय टाळायचं?

तांदूळ मीठ ओढत नाही, उलट त्याचे कण चार्जिंगच्या खाचेत अडकतात. ॲपलनेही आयफोन तांदळात ठेवू नका असं सांगितलं आहे. चुलीजवळ, कडक उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवल्यास बॅटरीला धोका असतो. फोन गरम लागतोय, फुगलाय किंवा वास येतोय, तर धुण्याच्या भानगडीत पडू नका. तो घराबाहेर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

वाचतो का?

लगेच बंद करून काही तासांत साफ झाला तर आशा असते. रात्रभर तसाच राहिला तर ती कमी होते. बरेच दिवस गेल्यावर फोनपेक्षा त्यातले फोटो आणि नंबर परत मिळवण्यावर भर द्यावा. दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज आधीच विचारून घ्या. पाण्याने झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही.

दुरुस्त होऊन चालू झाला तर पहिलं काम बॅकअपचं. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की बँकेचे ओटीपी येत राहतील. असा फोन पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही, त्यामुळे समुद्रावर जाताना एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये. वायरलेस सेट किंवा जीपीएसवर खारं पाणी उडालं तरी तो बंद करून गोड्या पाण्याने पुसून घ्यावा.

'वॉटरप्रूफ' फोनचं काय?

आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी. आयपी ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते. स्क्रीन बदललेल्या किंवा तडा गेलेल्या फोनवर तर हा भरवसा ठेवूच नये. त्यापेक्षा गळ्यात अडकवायची प्लास्टिकची वॉटरप्रूफ पिशवी स्वस्त पडते. पहिल्यांदा तिच्यात नुसता कागद घालून बादलीत बुडवून बघा. कागद कोरडा राहिला तरच फोन घाला.