ताहितीचं फूल आणि आजीची डिकेमाली

परवा वहिनीने परदेशातून आलेली तेलाची बाटली हुंगायला दिली. लेबलवर चांदणीसारखं पांढरं फूल. मी म्हटलं, "हा तर आपला अनंत!" नव्हता, पण अगदीच चुकलो नाही. ते ताहितीचं तियारे. अनंताचं चुलत भावंड, दोघंही गार्डेनिया.

गंमत म्हणजे तियारे मूळची ताहितीची नाहीच. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून बेटाबेटांवर नेली. डाव्या कानामागे फूल म्हणजे मन गुंतलंय, उजव्या म्हणजे मोकळं! डोकेदुखीच्या घरगुती औषधातही ते असतं. खोबरेल तेलात फुलं मुरवून 'मोनोई' करतात, त्याला १९९२ मध्ये फ्रान्सने आपल्याकडच्या जीआयसारखं संरक्षण दिलं. आणि 'गार्डेनिया' हे नाव अलेक्झांडर गार्डन या अमेरिकेतल्या स्कॉटिश डॉक्टरचं, १७६० च्या सुमारास दिलेलं. अनंत चिनी, तियारे पॉलिनेशियन, नाव मात्र साहेबाचं. असो.

आता खरी गोष्ट. याच खानदानातली तिसरी बहीण हिंगोलीला आजीच्या डब्यात होती, आणि ते मला तिशीला टेकल्यावर कळावं? डिकेमाली! या झाडांच्या कोवळ्या शेंड्यांतून हिरवट-पिवळा डिंक पाझरतो, तीच ही. वास असा उग्र की संस्कृतात तिला नाडीहिंगु म्हणतात. पोटातल्या जंतांवर, बाळाच्या दातांच्या वेळी, गुरांच्या जखमेवर माश्या बसू नयेत म्हणून... उपयोग बरेच. मुंबईच्या डायमॉकसाहेबांनी १८९० पासून निघालेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'त तिची नोंद केली आहे. म्हणजे साहेबानेही दखल घेतली, आम्ही नातवंडांनी नाही.

पुतण्याला दात येताहेत कळल्यावर आजीने पुडी पाठवली. फोनवर म्हणाली, "लेकराला दात यायलेत ना, मग उगाळून हिरड्यांना लाव." डॉक्टर म्हणाले, सहाणेवर उगाळलेलं काहीही नको, जुलाब होतील. त्यांचंही चूक नाही. सहाण किती स्वच्छ, डिंकात भेसळ किती, मात्रा किती, कोण सांगणार? हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू काय हवेवर वाढलास का रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुडी फेकायला कुणी तयार नाही, उगाळायलाही नाही. सध्या ती त्या तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली आहे. फडताळ उघडलं की वास डिकेमालीचाच येतो.