इंजिनावरचा आरसा

मोटारीचे बॉनेट उघडले, की आपल्याला सहसा काय दिसते? तेलाने माखलेले इंजिन, धुळीचा थर आणि ठिकठिकाणी तांबूस गंज. जुन्या मोटारी हौसेने सजवणाऱ्यांच्या प्रदर्शनात मात्र बॉनेट मुद्दाम उघडे ठेवलेले असते. आतली झाकणे, नळ्या, बोल्टांची डोकी सारे इतके चकचकीत, की त्यात पाहून भांग पाडावा! ही चकाकी असते क्रोमियमच्या मुलाम्याची. त्याची जाडी साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. एवढ्याशा थरामागे दोन शतकांचे रसायनशास्त्र आहे, आणि त्याची किंमत मोजणारी माणसेही आहेत.

रंगाचे नाव, चकाकीचे काम

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला व्होकलँ यांना १७९७ मध्ये सैबेरियातील एका तांबड्या शिशाच्या खनिजात नवे मूलद्रव्य सापडले. त्याची संयुगे पिवळी, नारिंगी, हिरवी अशी रंगीबेरंगी असत. म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. बुन्सेन यांनी १८५४ मध्ये विजेच्या साहाय्याने त्याचा थर मिळवला, पण कारखान्यात रोज भरवशाने मिळेल अशी कृती हाती यायला आणखी सत्तर वर्षे लागली. कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांनी १९२४ च्या सुमारास ती बसवली. क्रोमिक आम्लाच्या द्रावणात त्याच्या सुमारे शंभराव्या भागाइतके सल्फेट असावे लागते. ते फार कमी किंवा फार जास्त झाले, तर चांगला थर बसत नाही. सारे मर्म या प्रमाणात होते.

त्याआधी मोटारींवर पितळ किंवा निकेल असे. निकेल हवेत पिवळट पडते, म्हणून ते सतत घासावे लागे. क्रोमियमवर मात्र ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा आपोआप तयार होतो आणि खालच्या धातूची चकाकी टिकते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींचे बंपर आणि दिवे क्रोमियमने झळकू लागले. बॉनेटखालचे इंजिन मात्र अजून काळेच होते.

इंजिन उघड्यावर येते

ते बदलले दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी. १९३२ मध्ये फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे, ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन सामान्यांना परवडेल अशा मोटारीत आणले. तरुण मंडळी अशी इंजिने जुन्या, हलक्या फोर्ड गाड्यांत बसवू लागली. वजन कमी व्हावे म्हणून मडगार्ड निघाले आणि बॉनेटच्या बाजूचे पत्रेही निघाले. अशा गाड्यांना 'हॉट रॉड' म्हणत. म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर त्यांच्या शर्यती होत. शर्यतींना शिस्त यावी म्हणून १९३७ मध्ये स्थानिक क्लबांची संघटना स्थापन झाली. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघाले आणि त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमध्ये या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले.

पत्रे निघाल्यामुळे इंजिन हाच गाडीचा चेहरा झाला होता. शर्यतीतून गाडी प्रदर्शनात गेली आणि वेगाबरोबर चकाकीचीही चढाओढ सुरू झाली. क्रोमियमने इंजिनाची शक्ती वाढत नाही. उलट चकचकीत पृष्ठभाग काळ्या पृष्ठभागापेक्षा उष्णतेचे प्रारण कमी करतो. धुराड्याच्या मुलामा दिलेल्या नळ्या तापल्या, की आधी पिवळट आणि मग निळसर दिसू लागतात. उष्णतेने ऑक्साइडचा थर जाड होतो आणि त्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या प्रकाशलहरींचे व्यतिकरण होते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, तेही याच कारणाने.

थराखाली थर

जुन्या गाडीचा जीर्णोद्धार करणारा कारागीर भाग पुन्हा चमकवतो तेव्हा खरे कष्ट क्रोमियमच्या आधीचे असतात. जुना मुलामा आम्लात उतरवायचा, गंज काढायचा, लोखंड घासून गुळगुळीत करायचे. मग तांब्याचा थर, त्यावर बफिंग, नंतर निकेल आणि शेवटी काही मिनिटे क्रोमियम. कल्हईवाला भांडे आधी का घासतो, तेच कारण इथेही आहे. पातळ थर काहीही लपवत नाही. खालचा ओरखडा वर तसाच दिसतो.

गंज रोखण्याचे मुख्य काम निकेलचे, कारण क्रोमियमच्या पातळ थराला सूक्ष्म भेगा आणि छिद्रे असतात. याचा एक नैसर्गिक प्रयोगच इतिहासाने करून दाखवला. कोरियन युद्धाच्या काळात (१९५०-५३) अमेरिकेत निकेल युद्धसामग्रीसाठी राखून ठेवले गेले. त्या वर्षांतल्या मोटारींचा चमकदार साज लवकर गंजला. क्रोमियम होते, पण त्याखालचा आधार गेला होता.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. मुलामा देताना ऋणाग्रापाशी हायड्रोजनही तयार होतो आणि त्याचे काही अणू पोलादात शिरतात. उच्च बलाचे बोल्ट आणि स्प्रिंगा त्यामुळे ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतात. म्हणून असे भाग मुलाम्यानंतर काही तासांच्या आत सुमारे २०० अंश सेल्सियसला तापवून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो.

बुडबुड्यांची किंमत

हा हायड्रोजन कारागिराच्याही मुळावर येतो. निकेलचा एक अणू बसवायला २ इलेक्ट्रॉन लागतात, तर क्रोमिक आम्लातील षट्संयुजी क्रोमियमचा एक अणू बसवायला ६. त्यातही शंभरांपैकी जेमतेम दहा-वीस इलेक्ट्रॉन कामी येतात. कार्यक्षमता १५ टक्के धरली, तर एका अणूमागे ६ भागिले ०.१५, म्हणजे ४० इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. उरलेले मुख्यतः हायड्रोजन तयार करतात. त्याचे असंख्य बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात आणि प्रत्येक बुडबुडा क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडवतो. टाकीपाशी उभा असलेला कामगार ते श्वासाबरोबर आत घेतो.

क्रोमियमच्या संयुगांनी कातडीवर खोल जखमा होतात, हे ग्लासगोचे डॉक्टर विल्यम क्युमिन यांनी १८२७ मध्येच नोंदवले होते. पुढे नाकाच्या पडद्याला भोके पडलेले कामगार ठिकठिकाणी आढळले. अमेरिकेतील क्रोमेट बनवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असल्याचे दाखवणारा अभ्यास १९४८ मध्ये, म्हणजे 'हॉट रॉड' मासिक निघाले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये षट्संयुजी क्रोमियमची संयुगे मानवात निश्चितपणे कर्करोगकारक ठरवली. क्रोमेट आयनाची ठेवण सल्फेटसारखी असते. म्हणून सल्फेटच्या वाटेने तो पेशीत शिरतो आणि आत त्याचे क्षपण होताना डीएनएला इजा पोचते. गाडीवर बसलेला धातुरूप क्रोमियम मात्र निरुपद्रवी असतो. प्रदर्शनात इंजिन पाहणाऱ्याला धोका नसतो. तो सारा टाकीजवळ उभा राहणाऱ्याच्या वाट्याला आलेला असतो.

१९७० च्या दशकात त्रिसंयुजी क्रोमियमच्या द्रावणातून मुलामा देण्याची पद्धत बाजारात आली. ती पुष्कळ कमी घातक आहे. पण तिची छटा किंचित वेगळी पडते, आणि जुन्या गाडीवर जुनीच निळसर झाक हवी, असा अनेक जीर्णोद्धारकांचा आग्रह असतो. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने शोभेच्या मुलाम्यासाठी षट्संयुजी क्रोमियमचा वापर २०२७ पासून बंद करण्याचा नियम संमत केला. अधिक कडक उपाय योजणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत दिली. ज्या भूमीत इंजिन सजवण्याचा हा छंद वाढला, तिथेच हा निर्णय झाला. मूळ छटा जपायची, की ती चढवणाऱ्याचा श्वास जपायचा, असा पेच पडला तर उत्तर अवघड नसावे.

शिक्षकांसाठी शेवटी एक गोष्ट. वर्गात विद्युत विलेपन दाखवायचे, तर मोरचुदाच्या द्रावणात लोखंडाऐवजी पितळी किल्लीवर तांबे चढवावे. लोखंडावर वीज न जोडताही तांबे बसते आणि मुले गोंधळतात. क्रोमियमच्या वाटेला जाऊ नये. आणि प्रयोगशाळेच्या कपाटात नारिंगी डायक्रोमेटची बाटली आहे का, तेही पाहावे. अमोनियम डायक्रोमेट पेटवून 'ज्वालामुखी' दाखवण्याचा प्रयोग पुष्कळ शाळांत हौसेने केला जातो. त्यातून उडणाऱ्या हिरव्या राखेबरोबर न जळलेले नारिंगी कणही हवेत पसरतात. तेही षट्संयुजी क्रोमियमच आहे, आणि पहिल्या बाकावरची मुले त्याच्या सर्वांत जवळ बसलेली असतात.